आधी रिकामा काटा पाहा

मंडईत ज्याचा गाळा असतो, त्याचा दिवस विक्रीनं सुरू होत नाही, काट्यानं होतो. आमचे अब्बा पहाटे गाळ्यावर आले की आधी तागडी टांगायचे. दोन्ही पारडी रिकामी. मग थोडं वाकून, एक डोळा बारीक करून दांडी सरळ आहे का ते पाहायचे. एखादं पारडं केसभर खाली असलं तर दुसऱ्या बाजूला पासंग बांधायचे. मग मापं मोजून मांडायची, पेरूंच्या पाट्या लावायच्या आणि त्यानंतर पहिलं गिऱ्हाईक. पहिल्या विक्रीला आम्ही 'भवानी' म्हणतो. भवानी झाल्याशिवाय उधारी नाही.

लहानपणी मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. मी म्हणायचो, "अब्बा, काल रात्री तर काटा बरोबर होता. रात्रीतून काय बिघडणार?" ते म्हणायचे, "माल चढला की काट्याचा दोष दिसत नाही, बेटा. रिकाम्या काट्यातच दिसतो."

मंडळी, मला बोलायचं आहे ते संगणकाबद्दल. त्यातही एकाच गोष्टीबद्दल : बंद झालेला संगणक पुन्हा नीट सुरू का होत नाही? कवीनं या विषयात पडावं का, असं कुणी विचारील. मी बी.ए. झालेला बागवानाचा मुलगा. इंजिनिअर नाही. पण या बिघाडानं माझ्या घरातली एक मौल्यवान गोष्ट नेली, तेव्हापासून मी त्याच्या मागे लागलो. शोधता शोधता कळलं की संगणकाच्या सगळ्या इतिहासात 'सुरुवात कशी करायची' हा प्रश्न कधीच सोपा नव्हता. आणि त्या इतिहासातली काही पानं आपल्या पुण्यातली आहेत.

आमच्या घरी संगणक आला २००३ मध्ये. मंडईमागच्या गल्लीत दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत तो टीव्हीएवढा मॉनिटर. सुटे भाग जोडून तयार केलेलं यंत्र होतं, तेव्हा 'असेम्बल्ड' म्हणायचे. मी तो घेतला कविता टाइप करायला. पण खरा उपयोग झाला तो वेगळाच. रात्री जेवणं झाली की अब्बा शेजारी स्टुलावर बसायचे आणि मंडईच्या आठवणी सांगायचे. मी टाइप करायचो.

ती मंडई म्हणजे १८८६ मध्ये सुरू झालेली, मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली दगडी इमारत. त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी मंडईच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. आधी शिक्षणावर पैसा खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं. हे सगळं पुस्तकात आहे. अब्बांकडे पुस्तकात नसलेलं होतं : कोणत्या गाळ्यावर कोण बसायचं, वक्कल कसं लावायचं, हमाल कोणत्या दिवशी कामाला हात लावायचे नाहीत, घाऊक व्यापार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला तेव्हा इथली पहाट कशी बदलली.

संगणकाचा पहिला धक्का बसला तो घर घेतल्यासारख्या थाटात संगणक आणल्यानंतर दोन महिन्यांत. छापखान्यात द्यायच्या कविता मी फ्लॉपीवर उतरवल्या. कशासाठी तरी यंत्र 'रीस्टार्ट' केलं. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत एक ओळ : ही डिस्क यंत्रणेची नाही, बदला आणि कुठलीही कळ दाबा. मी कळा दाबत बसलो. तीच ओळ परत परत. शेवटी दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. तो आला, फ्लॉपी बाहेर काढली, कळ दाबली, यंत्र सुरू. मुलगा सज्जन होता, पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.

चहा पिता पिता त्यानं जे सांगितलं, तिथून माझं शिक्षण सुरू झालं. "काका," तो म्हणाला, "वीज गेली की याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. परत सुरू होताना याला आपण संगणक आहोत हेही माहीत नसतं. कुणीतरी पहिली सूचना द्यावी लागते. तुमच्या यंत्राला सांगितलेलं होतं, आधी फ्लॉपीत बघ. ते फ्लॉपीत बघत बसलं."

ही पहिली सूचना कोण देणार, हाच तो जुना प्रश्न. सुरुवातीच्या यंत्रांत ती माणूस स्वतः द्यायचा. १९७५ मध्ये अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा छोटा संगणक निघाला. त्याला ना पडदा होता, ना कळफलक. पुढच्या बाजूला खटक्यांची रांग होती. खटके खाली-वर करून एकेक आकडा भरायचा. अशा काही आकड्यांचा छोटा कार्यक्रम आत गेला की तो पुढचा मोठा कार्यक्रम कागदी पट्टीवरून वाचून घ्यायचा. वीज गेली की पुन्हा पहिल्या खटक्यापासून. त्याआधी, १९५२ मध्ये, आयबीएमनं आपल्या '७०१' या अवाढव्य यंत्राला एक खास बटण दिलं होतं. ते दाबलं की कार्यक्रमाचा पहिला तुकडा आपोआप आत ओढला जायचा.

इंग्रजीत या क्रियेला 'बूट' म्हणतात. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, या अशक्य गोष्टीवरून ते नाव आलं. नाव अगदी प्रामाणिक आहे. कारण खरोखर कुणीच स्वतःला असं उचलू शकत नाही. पहिला हात बाहेरचाच लागतो.

पुढे हा हात यंत्रातच कायमचा बसवला गेला. वीज गेली तरी न पुसली जाणारी एक चिप, तीत पहिल्या सूचना कोरलेल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. आपल्या घरातले बहुतेक डेस्कटॉप त्याच्याच खानदानातले. त्याच्या प्रोसेसरला वीज मिळाली की तो एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. हा पत्ता त्याच्या एक मेगाबाइट स्मृतीच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे, जिथून पुढे फक्त सोळा घरं उरतात. तिथं एकच गोष्ट लिहिलेली असते : अमुक ठिकाणी जा. तिथं गेलं की तपासणी सुरू होते. स्मृती जागेवर आहे का, कळफलक आहे का, पडद्याचं कार्ड आहे का. सगळं ठीक असलं तर एक छोटी शिट्टी वाजते. पडदा अजून जागा झालेला नसतो, त्यामुळे तोवर यंत्राला दुसरं तोंडच नसतं. एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजल्या तर पडद्याच्या कार्डात दोष.

हे ऐकून अब्बा खूश झाले. म्हणाले, "म्हणजे रिकामा काटा पाहतो की हा."

त्याच पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरनं तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याची सोय केली : कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. ती मुळात कंपनीतल्या लोकांसाठी होती. चुकून दाबल्या जाऊ नयेत म्हणून मुद्दाम एकमेकींपासून लांबच्या कळा निवडल्या. या तीन कळा दाबल्या की यंत्र स्मृतीतल्या एका कोपऱ्यात १२३४ असा आकडा मांडून ठेवायचं. सुरू होताना तो आकडा दिसला की स्मृतीची तपासणी गाळायची, कारण आपण पूर्ण बंद झालोच नव्हतो, नुसते परत सुरू होतोय.

इथं एक फरक लक्षात घ्या. वीज तोडून सुरू करणं वेगळं आणि चालू विजेवर पुन्हा सुरू करणं वेगळं. पहिल्यात सगळं रिकामं होतं. दुसऱ्यात यंत्र पहिल्या ओळीवर परत जातं, पण आत विजेवर जगणारं काहीतरी मागे राहू शकतं. जोडलेला प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क यांची वीज अनेकदा तुटलेलीच नसते. त्यातलं एखादं अर्धवट अवस्थेत अडकलं, तर 'रीस्टार्ट'च्या वेळी यंत्र त्याच्या उत्तराची वाट पाहत काळ्या पडद्यावर थांबतं. उपाय साधा आहे. सगळं जोडलेलं काढायचं, भिंतीतली पिन काढायची, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग नुसता कळफलक आणि पडदा लावून सुरू करायचं.

या फरकाचा फायदा घेणारा एक विषाणू आपल्याकडे होऊन गेला आणि त्याचं नाव ऐकून तुम्हाला हसू येईल. त्याचं नाव जोशी. जून १९९० मध्ये तो भारतात प्रथम आढळला आणि पुढे परदेशातही पोचला. तो फाइलमध्ये राहत नसे. डिस्कच्या ज्या भागातून यंत्र सुरू होतं, तिथंच घर करून बसे. म्हणजे पहिली सूचना द्यायला हाच हजर. दरवर्षी ५ जानेवारीला यंत्र अडून बसायचं आणि पडद्यावर फर्मान यायचं : 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. टाइप केलं की यंत्र पुढे चालायचं. आणि खरी मेख अशी की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून तो जायचा नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटायचं, पण जोशीबुवा स्मृतीत बसूनच असायचे. पूर्ण वीज बंद करून, स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केल्यावरच ते बाहेर पडत. हा जोशी कोण, कुठला, हे मला विचारू नका. आडनाव ऐकून पुणेकरांनी आपसात जे तर्क केले असतील, ते मंडईतल्या कट्ट्यावर सांगण्याजोगे आहेत, इथं नाहीत.

असल्या विषाणूंमुळे पुण्यात एक वेगळीच गोष्ट घडली. कैलास काटकर नावाचा तरुण कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं पुण्यात स्वतःचं छोटं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले. पाहावं तर अनेकांचा आजार यंत्रात नव्हताच, तो विषाणूंचा होता. दुरुस्त करून पाठवलेलं यंत्र पुन्हा तोच आजार घेऊन परत यायचं. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढणारे छोटे कार्यक्रम लिहायला सुरुवात केली आणि १९९५ च्या सुमारास त्यातून 'क्विक हील' तयार झालं. आज ती मोठी कंपनी आहे. पण तिचं मूळ दुरुस्तीच्या टेबलावर आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो आजार पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे ओळखता आला.

पुण्याचं दुसरं पान गणेशखिंडीतलं. अमेरिकेनं महासंगणक देण्यात आडकाठी केल्यानंतर १९८८ मध्ये 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पुण्यात 'परम ८०००' तयार झाला. त्यात एक अवाढव्य प्रोसेसर नव्हता. 'ट्रान्सप्युटर' नावाचे कितीतरी छोटे प्रोसेसर तारांनी एकमेकांना जोडलेले होते. या ट्रान्सप्युटरची जागं होण्याची रीत मला फार आवडते. प्रत्येकाला आपली स्वतःची न पुसणारी चिप लागायचीच असं नाही. तो शेजाऱ्याच्या तारेकडे कान लावून थांबू शकायचा. शेजाऱ्याकडून पहिला कार्यक्रम आला की तो जागा होई आणि आपल्या पुढच्याला जागा करी. पहाटे मंडईत असंच असतं. पहिली गाडी आली की हमाल उठतो, हमालाच्या हाकेनं गाळेवाला उठतो, गाळ्याच्या फळीच्या आवाजानं शेजारचा.

आता माझ्या घरी परत येतो. २००५ चा पावसाळा. आमचा संगणक सकाळी सुरू व्हायला कुरकुरू लागला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा, पडदा काळाच. शिट्टी नाही. बंद करा, परत दाबा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला एकदम सुरू व्हायचा आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. तारीख मात्र मागची कुठली तरी दाखवायचा. आत रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. यंत्र बंद असताना तो घड्याळ चालवतो. तो संपला की यंत्र तारीख विसरतं. मी तपकीर गल्लीतून सेल आणून बदलला. तारीख सुधारली, सकाळची कुरकुर तशीच.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच केलं. ते बंद करणंच सोडून दिलं. एकदा चालू झालं की चालूच ठेवायचं. घरात सगळ्यांना ताकीद : बटणाला हात लावायचा नाही. चार-पाच आठवडे छान गेले. मला वाटलं बिघाड गेला. बिघाड गेला नव्हता. त्याला दिसायची संधी मी देत नव्हतो, एवढंच.

त्या दिवसांत अब्बा पानशेतची आठवण सांगत होते. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर शहराला पाणी नव्हतं, वीज नव्हती. अब्बा तेव्हा विशीतले. ते सांगत होते की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक वाड्यांतल्या जुन्या विहिरींकडे कसे वळले. नळ आल्यापासून ज्यांच्यावर फळ्या टाकल्या होत्या, त्या विहिरी उघडल्या. आणि मंडईत पहिली भाजीची गाडी कुणी आणली, पहिली भवानी कुणी केली, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत हे कुणी कसं ठरवलं. नावं घेऊन सांगत होते. मी टाइप करत होतो, दीड-दोन पानं झाली असतील. 'सेव्ह' करायचं राहिलं. ते बोलत असताना मध्ये थांबवणं मला बरं वाटेना.

आणि वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. तासाभरानं वीज आली. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. दहा वेळा, वीस वेळा. अब्बा म्हणाले, "राहू दे, सकाळी बघू." सकाळीही तेच.

दुरुस्तीवाला मुलगा आला. त्यानं कसं तपासलं ते सांगतो, कारण तुमच्याही उपयोगी पडेल. आधी त्यानं विचारलं, "काका, आतलं काही महत्त्वाचं आहे का?" मी म्हटलं, "सगळंच." तेव्हा त्यानं प्रथम हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली. म्हणाला, "यंत्र सुरू होत नाही याचा अर्थ माल गेला असा नाही. माल वखारीत आहे, दार उघडत नाही." मग एकेक भाग काढत गेला. शेवटी उरलं ते कमीत कमी : बोर्ड, प्रोसेसर, स्मृतीची एक पट्टी, वीजपुरवठ्याचा डबा. पट्टीचे सोनेरी दात त्यानं शाळेच्या खोडरबरानं हलकेच पुसले. गंज, धूळ, ओल यानं निम्म्या तक्रारी तिथंच असतात, असं तो म्हणाला. आमची नव्हती. वीजपुरवठ्याचा डबा दुसरा लावून पाहिला. तरी नाही.

मग त्यानं बॅटरी लावून बोर्डाकडे वाकून पाहिलं आणि मला बोलावलं. प्रोसेसरच्या शेजारी कपॅसिटरच्या छोट्या उभ्या डब्या असतात. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. आमच्या बोर्डावरच्या चार डब्यांची डोकी फुगली होती. एकीच्या बुडातून तपकिरी द्रव गळला होता. या डब्या म्हणजे घरावरच्या पाण्याच्या टाक्या समजा. वीज कमीजास्त आली तरी प्रोसेसरला सारखी धार मिळावी म्हणून असतात. बटण दाबल्याच्या क्षणी सगळे भाग एकदम वीज मागतात, तेव्हा त्यांची खरी परीक्षा असते. आजारी डबी गार असताना फारच कमी काम करते, गरम झाली की थोडं बरं करते. म्हणून सकाळचा त्रास, म्हणून दिवसभर आराम. मी यंत्र गरम ठेवून स्वतःला फसवत होतो.

पुढे कळलं की हा एकट्या माझा दोष नव्हता. साधारण १९९९ पासून २००७ पर्यंत जगभर बनलेल्या कितीतरी बोर्डांवर अशा सदोष डब्या बसल्या होत्या. आतलं रसायन कच्चं होतं, त्यातून वायू तयार व्हायचा आणि डबी फुगायची. मुलानं पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून तेवढ्याच क्षमतेच्या नव्या डब्या आणल्या, धन-ऋण बाजू तपासून डाग दिला. बटण दाबलं. एक छोटी शिट्टी.

फाइल उघडली. सगळं होतं. पानशेतची दोन पानं नव्हती.

मी अब्बांना म्हटलं, परत सांगा. त्यांनी सांगितलं. पण ते पहिल्यासारखं नव्हतं. विहिरी आल्या, गाडी आली, दोन नावं आली नाहीत. "कोण होता बरं तो," म्हणत ते बराच वेळ बसले. पुढे त्यांचीही प्रकृती उतरत गेली. २००९ मध्ये अब्बा गेले. ज्यानं पुरानंतर मंडईत पहिली गाडी आणली, त्याचं नाव एकदा माझ्या पडद्यावर उमटलं होतं आणि मी ते ठेवू शकलो नाही. ज्या इतिहासाला कागदपत्रं नसतात, तो असाच एका न दाबलेल्या कळीनं जातो.

उरलेली फाइल तरी वाचली का? तीही एक लढाईच. तेव्हाचे मराठी फॉन्ट ज्याचे त्याचे वेगळे होते. पुढच्या यंत्रावर फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा. युनिकोड रुळल्यावर ती सगळी पानं रूपांतर करून, ओळ ओळ तपासून घेतली. आता तिच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक कागदावर.

यंत्रं तेव्हापासून फार बदलली. जुन्या चिपची जागा नव्या रचनेनं घेतली. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर गंमतच झाली. तुम्ही 'शट डाउन' करता तेव्हा यंत्र आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुन्हा तोच उचलतं, म्हणजे सुरू लवकर होतं. पूर्ण नव्यानं सुरुवात होते ती 'रीस्टार्ट' केल्यावर. त्यामुळे बंद करून चालू केलं तरी बिघाड जात नसेल, तर 'रीस्टार्ट' करून पाहा. जुन्या काळाच्या बरोबर उलट.

आणि हे सगळं मागं पडलं असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. पुन्हा सुरू व्हायचे, पुन्हा पडायचे. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती कशी झाली? बहुतेक ठिकाणी माणसानं एकेका यंत्रासमोर बसून, कमीत कमी गोष्टींनिशी ते सुरू करून, एक फाइल हातानं काढून. त्या दुरुस्तीवाल्या मुलाचीच पद्धत : आधी सगळं काढा, रिकाम्यावर उभं राहतं का पाहा, मग एकेक चढवा.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मंडईखाली मेट्रो सुरू झाली. वर अष्टकोनी मनोरा आहे तसाच आहे. गाळ्यांवर आता इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. तेही सुरू होताना आकडे दाखवून शून्यावर येतात, आणि जुना गाळेवाला शून्य दिसेपर्यंत हात लावत नाही.

तुमच्या घरी एखादा जुना डेस्कटॉप असेल, 'बंद केला तर परत सुरू होईल का' या भीतीनं चालूच ठेवलेला, तर एक करा. आजच त्यातलं जे पुन्हा मिळणार नाही, ते दुसरीकडे उतरवून घ्या. वडिलांचा आवाज, आईची पत्रं, फोटो, जे असेल ते. मग तो निवांतपणे पूर्ण बंद करा, पिन काढा आणि पुन्हा सुरू करा. नाही झाला, तर बिघाड आज कळला. आणि घरात कुणी म्हातारं माणूस जुनं काही सांगत असेल, तर त्याला मध्येच थांबवायला लाजू नका. म्हणा, "अब्बा, एक मिनिट. एवढं ठेवून घेतो."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)